वैशंपायनांच्या आगरातल्या कोंबड्या

मुरुडच्या वैशंपायनांच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. हेमाताईंच्या सासूबाई असताना तर शेजारच्या वाडीतली एखादी कोंबडी गडगा ओलांडून आगरात शिरली, तरी त्या जागेवर गोमूत्र शिंपडलं जायचं. त्याच आगरात, नारळी-पोफळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, हेमाताईंनी उतारवयात कोंबड्यांसाठी खुराडं बांधून घेतलं. हौस म्हणून नाही. मुलीसाठी.

हेमाताई मूळच्या गुहागरच्या. लग्न होऊन मुरुडात आल्या आणि इथल्याच झाल्या. यजमान श्रीपती वैशंपायन हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. त्यांची शाळा, त्यांची स्नानसंध्या आणि त्यांचं वाचन सांभाळून राहिलेला सगळा संसार हेमाताईंनी ओढला. सुपारी सोलणं, आमसुलं वाळवणं, आगराचं शिंपणं, आलागेला. बाई अबोल. गावात कोणाला विचारलं असतं, तर "चांगल्या आहेत हो" यापलीकडे कोणी काही सांगू शकलं नसतं. वैदेही ही त्यांची एकुलती एक मुलगी. शिकून पुण्याला गेली, बँकेत लागली, सलिलशी लग्न झालं. सगळं रीतसर चाललं होतं. मग एके वर्षी तिचे पाय सुजायला लागले, आणि पस्तिशीही न ओलांडलेल्या मुलीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"माझी घ्या," हेमाताई तिथल्या तिथे म्हणाल्या होत्या. तपासण्या झाल्या. त्यांच्या रक्तात साखर निघाली, जी त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. श्रीपतींचं हृदयाचं दुखणं जुनं, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. सलिलचं जुळेना. परक्या कोणाची मिळेल तेव्हा मिळेल म्हणून नाव नोंदवलं, आणि तोवर डायलिसिस.

पुण्यातल्या घरी दिवसभर वैदेही एकटीच. सलिलची नोकरी फिरतीची. "थोडे दिवस माहेरी राहते," म्हणून ती मुरुडला आली, आणि ते थोडे दिवस लांबतच गेले. दापोलीत डायलिसिसची सोय होती. एक दिवसाआड सकाळी हर्णैच्या नितेशची रिक्षा दारात यायची, माय-लेकी आसूदचा घाट चढून जायच्या आणि संध्याकाळच्या आत परत यायच्या. आल्यावर वैदेही पडवीतल्या झोपाळ्यावर आडवी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्यात बोलायचंही त्राण नसायचं. सलिल सुरुवातीला दर शनिवारी यायचा. नंतर महिन्याने येऊ लागला. नंतर फोन करू लागला. त्याच्याबद्दल घरात कोणी वाईट बोलत नसे. चांगलंही बोलत नसे.

डॉक्टरांनी रोज अंड्याचा पांढरा भाग खायला सांगितला होता. तेवढ्यापुरतं श्रीपतींनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. अंडी नितेश आणायचा, हेमाताई ती मागच्या पडवीत वेगळ्या पातेल्यात उकडायच्या आणि पातेलं बाहेरच पालथं घालायच्या. एके दुपारी आगरात कामाला येणाऱ्या जनीच्या मागोमाग तिची कोंबडी पिल्लं घेऊन आली. वैदेही झोपाळ्यावरून उठून बसली. बराच वेळ बघत राहिली.

"आई, आपण कोंबड्या पाळू या का?"

हेमाताईंनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. आजारी पडल्यापासून मुलीने आपण होऊन काही मागितलेलं हे पहिलंच.

"बाबांना काय सांगायचं?"

"मी सांगते. सगळे मला सांभाळताय ना, मला पण कोणाला तरी सांभाळू दे."

श्रीपतींनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. "दुकानातून आणता, त्याला मी काही म्हणालो नाही. पण आगरात कोंबड्या? देवाला फुलं तिथूनच काढतो मी."

"बाबा, त्या पायवाटेच्या अलीकडे येणार नाहीत."

"कोंबड्यांना पायवाट कळते काय?" ते म्हणाले, आणि आत निघून गेले. पण नाही म्हणाले नाहीत. वैदेहीला नाही म्हणणं त्या घरात आता कोणालाच जमत नव्हतं.

जनीने आपल्या घरच्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि एक कोंबडा दिला, नितेशने कुठूनशी अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी टोपलीसकट आणली. खुराडं म्हणजे सुरुवातीला जुन्या फळ्यांचा एक खोका होता. पहिल्याच आठवड्यात मुंगसाने खालची माती उकरून एक तलंग नेली. सकाळी पिसं तेवढी राहिली होती. वैदेही त्या दिवशी जेवली नाही.

हेमाताईंच्या मनाने तिथे काहीतरी घेतलं. मुलीच्या किडन्यांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. यंत्राच्या नळीतून तिचं रक्त बाहेर जाताना आणि परत येताना बघत बसायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. पण मुंगूस ही गोष्ट त्यांना कळत होती. त्यांनी गवंडी बोलावून खुराड्याखाली चिऱ्यांचा पाया घालून घेतला. फळ्या काढून चारी बाजूंनी बारीक भोकांची जाळी मारली. "वैनी, दार भुईपासना वर करा, नायतर धामण सरल शिरंल," जनी म्हणाली, तेव्हा दारही वर गेलं. तरी धामण एकदा शिरलीच, उंदराच्या मागावर असावी. हेमाताईंनी तिला आकडीने बाहेर काढून गडग्यापलीकडे टाकलं. जन्मात पाल मारली नव्हती त्या बाईने.

मग घारींची पाळी. पिल्लं बाहेर पडली की वरून सावली फिरायची आणि आयांचा एकच कालवा व्हायचा. दोन पिल्लं अशीच डोळ्यांदेखत उचलली गेली. नितेशच्या भावाची होडी होती. त्याने फाटकं जाळं आणून दिलं आणि पोफळींना बांधून आगराच्या त्या तुकड्यावर छतासारखं ताणलं. ऊन त्यातून चौकटी चौकटींनी खाली पडायचं. गावातली माणसं मुद्दाम बघायला यायची. मास्तरांच्या आगरात मासेमारीचं जाळं, त्याखाली कोंबड्या आणि मध्ये पदर खोचून उभ्या हेमाताई. कोणी हसलं, कोणी देवळात काही बोललं. हेमाताईंच्या कानापर्यंत ते आलं आणि तिथेच थांबलं.

एकदा भर दुपारी मुंगूस आलंच. हेमाताई हातात खराटा घेऊन त्याच्यामागे धावल्या. मुंगूस पोफळीला वळसा घालून पुढे, ह्या मागे, कोंबडा ह्यांच्या मागे. शेवटी मुंगूस गडग्यातल्या भोकात गडप झालं आणि कोंबड्याने शत्रू समजून हेमाताईंच्या पोटरीला चोच मारली. पडवीतून हसण्याचा आवाज आला. वैदेही झोपाळ्याची कडी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. आत पोथी वाचत बसलेले श्रीपती दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. हे हसणं त्या घराने कितीतरी महिन्यांनी ऐकलं होतं.

पावसाळा सरेपर्यंत खुराडं भरलं. वैदेहीने एकेकीला नावं दिली होती. सगळ्यात पुढे पुढे करणारी ती चेअरमनबाई. कायम दुसरीच्या अंड्यांवर जाऊन बसणारी ती काकू. एक पांढरी, लंगडणारी होती, तिला ती 'माझी' एवढंच म्हणायची. डायलिसिसहून परत येताना फाटकाशी रिक्षा थांबली की सगळ्या जाळ्याच्या कडेला गोळा व्हायच्या. वैदेही घरात शिरायच्या आधी तिकडे जायची. नितेशचा हात धरून, पण जायची. संध्याकाळी त्यांना आत घेऊन कडी घालायचं काम मात्र हेमाताईंचं. ते त्या दुसऱ्या कोणाला करू देत नसत. त्या वेळी त्यांचं तोंड बघितलं तर वाटायचं, या बाईने आज कोणाशी तरी लढाई केली आणि जिंकली.

नवरात्र उलटून गेलं होतं. त्या दिवशी डायलिसिस चालू असतानाच वैदेहीचा रक्तदाब एकदम उतरला. डोळे फिरले, अंग गार पडलं. नर्स धावल्या, यंत्र थांबवलं. तासाभराने ती भानावर आली, पण डॉक्टर म्हणाले, "आज घरी सोडत नाही. रात्र इथेच राहू दे."

हेमाताई पलंगाशी बसून राहिल्या. उन्हं कलायला लागली तशी वैदेही क्षीण आवाजात म्हणाली, "आई, कोंबड्या."

जनी माहेरी लग्नाला गेली होती. नितेश रिक्षा घेऊन बाहेर होता, त्याला लांबची भाडी होती. हेमाताईंनी घरी फोन लावला. आधी वैदेहीचं सांगितलं, ती बरी आहे हे दोनदा सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "अहो, तिन्हीसांजेच्या आत कोंबड्या आत घ्यायला हव्यात."

पलीकडे श्रीपती होते.

"मी?"

"दुसरं कोण आहे?"

"त्या माझं ऐकतील काय?"

"मागच्या पडवीत डब्यात कण्या आहेत. मूठभर खुराड्यात टाका नि हाक मारा. येतात त्या."

"हाक कशी मारायची?"

रुग्णालयाच्या त्या खोलीत, शेजारच्या पलंगावरची माणसं बघत असताना, हेमाताईंनी फोनवर नवऱ्याला "बा, बा, बा" करून दाखवलं. वैदेहीने डोळे मिटले होते, पण ओठ हलले.

"आणि कडी नीट घाला. अंधार पडल्यावर काही झालं तरी दार उघडू नका. कुत्री टपलेली असतात."

"बरं."

दिवेलागणीला श्रीपतींचाच फोन आला. वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा आवाज. "गेल्या हो सगळ्या. ती लंगडी येत नव्हती, तिला उचलून घातली. कडी घातली, वर दगड टेकवला. आता आंघोळ करतो आणि संध्येला बसतो."

"बाबांनी 'माझी'ला उचललं?" वैदेहीने विचारलं. तिला ते खरंच वाटेना. नंतर कितीतरी वेळ त्या दोघी अधूनमधून तेच बोलत होत्या. बाबा कसे वाकले असतील, सोवळं सांभाळून कसे धावले असतील. हेमाताईंना त्या रात्री रुग्णालयाच्या बाकड्यावर शांत झोप लागली.

सकाळी डॉक्टरांनी तपासून सोडलं. नितेशची रिक्षा फाटकाशी थांबली, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. जाळ्याखाली काहीच हलत नव्हतं. अजून सोडल्या नसतील, हेमाताईंना वाटलं. कसं सोडायचं ते सांगायचं राहिलंच की. त्या पुढे झाल्या.

खुराड्याचं दार सताड उघडं होतं. पलीकडे, शेवटच्या पोफळीच्या मुळाशी, श्रीपती कुदळ घेऊन उभे होते. पंचा मातीने आणि रक्ताने माखलेला. पायाशी गोणपाट होतं आणि गोणपाटाखाली ढीग होता.

"मुंगूस आतच होतं, हेमा," ते म्हणाले. "मी कडी घातली तेव्हा आतच असणार. अंडी घालायच्या टोपलीत, पेंढ्यात. मला काय ठाऊक, आत बघायचं असतं ते. तू रोज बघतेस का गं?"

हेमाताई रोज बघत असत. पेंढा उलटापालटा करून, हात घालून, न चुकता. इतक्या दिवसांच्या सवयीने तो हात आपोआपच जायचा, म्हणून फोनवर सांगायचं सुचलंच नाही.

"कालवा ऐकू आला मला," श्रीपती सांगत राहिले. त्यांना थांबता येत नव्हतं. "फार कालवा झाला. मी उठलो, बॅटरी घेऊन इथपर्यंत आलो. बाहेर काहीच नव्हतं. म्हटलं, परक्याने कोंडलंय म्हणून ओरडतायत. कडी काढायला हात लावला होता मी. मग तुझं आठवलं. काही झालं तरी दार उघडू नका. म्हणून नाही उघडलं. उभा राहिलो. मग हळूहळू शांत झालं. मला वाटलं, झोपल्या." त्यांनी कुदळ खाली टेकवली. "सकाळी दार उघडल्याबरोबर ते माझ्या पायांमधून पळालं."

मुंगसाने खाल्ली होती ती एकच. बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या होत्या. बाहेर पडायला वाट मिळेना, त्या घाबरून ह्याच्या अंगावर, हे घाबरून त्यांच्या अंगावर, असं चाललं असणार. चिऱ्याचा पाया आणि बारीक जाळी, हेमाताईंनी कुठे बोटभर फट म्हणून ठेवली नव्हती.

मागे पाऊल वाजलं. नितेशचा हात सोडून वैदेही येऊन उभी राहिली होती. तिने गोणपाटाकडे पाहिलं, मग बापाच्या पंच्याकडे.

"सगळ्या?"

"सगळ्या, बाळ."

ती रडली नाही. बापावर चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं हेमाताईंना पुढे अनेकदा वाटलं. ती वळली, एकटीच हळूहळू चालत घरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. श्रीपतींनी खड्डा पुरा केला, एकेकीला उचलून आत ठेवलं, माती लोटली. हेमाताई मदतीला गेल्या नाहीत.

चारपाच दिवसांनी जनी डालगं डोक्यावर घेऊन आली. आत तिच्या घरच्या तीन तलंगा. हेमाताईंनीच सांगून ठेवलं होतं. "वैदूताय, बगा तरी कशा हायत," जनीने डालगं उचललं. वैदेहीने झोपाळ्यावरून मान वळवली, पाहिलं, आणि म्हणाली, "जनीकाकू, ने गं परत."

"अगं, पण..." हेमाताई पुढे झाल्या.

"आई, मला पुन्हा तेच नाही बघायचं. मला आता काहीच पुन्हा नको."

तलंगा परत गेल्या. त्यानंतर डायलिसिसच्या दिवशी नितेश आला तर वैदेही तयारच झाली नव्हती. अंगावर चादर घेऊन पडून होती.

"आज नको."

"दिवस चुकवून कसं चालेल?"

"चालणार नाही. माहिती आहे मला."

श्रीपती दाराची चौकट धरून उभे होते. शेवटी हेमाताई तिच्या पायांशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी चल." वैदेहीने आईकडे पाहिलं आणि उठली. त्यानंतरही ती दर वेळी गेली, कधी चुकवलं नाही. पण ते आईसाठी. घाट चढताना ती बाहेर बघायची नाही, रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं तर हात करायची नाही. सलिल दिवाळीत आला, दोन दिवस राहिला. तिने त्याच्याशी नीट बोलून, त्याला लाडू बांधून देऊन परत पाठवलं. जाताना फाटकाशी तो रडला. ती नाही रडली.

पौषात तिला थंडी वाजून ताप भरला. मानेत बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात गेले होते, असं डॉक्टर म्हणाले. असं होतं कधीकधी, कोणाचा दोष नसतो, असंही म्हणाले. दापोलीहून मुंबईला हलवायचं ठरत होतं, तोवर ती गेली. हेमाताई शेजारी होत्या. शेवटी शेवटी वैदेहीला ओळख राहिली नव्हती, त्यामुळे निरोपाचं असं काही झालं नाही.

कोंबड्यांचा आणि या तापाचा काहीएक संबंध नव्हता. हेमाताई अडाणी नव्हत्या, त्यांना हे समजत होतं. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी "आगरात ते पाळलंत, तिथनंच काही आलं असेल," असं सुचवलं, तर त्या तेवढ्यापुरत्या ताठ बसून "डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही" एवढंच म्हणायच्या. पण रात्र असो, दुपार असो, डोळा लागला की त्यांना मुलगी दिसायची नाही. कडीवर हात ठेवून उभा असलेला नवरा दिसायचा.

उन्हाळ्यात सुपारी सोलायला घेतली होती. जनी पाणी आणायला गेली होती, पडवीत दोघंच होते. श्रीपती हल्ली पोथी उघडायचे आणि पान न उलटता बसून राहायचे. त्यांनी पोथी मिटली.

"हेमा, एक विचारू?"

हेमाताई सुपारी सोलत राहिल्या.

"मी त्या रात्री दार उघडलं असतं, तर ती आणखी थोडी थांबली असती का गं?"

हेमाताईंना म्हणायचं होतं, नाही हो. म्हणायचं होतं, उघडू नका असं मीच सांगितलं होतं, पेंढ्यात बघा हे सांगायचं मीच विसरले. इतके महिने त्यांनी हे स्वतःशी किती वेळा म्हटलं होतं. माणूस समोर बसला होता, ऐकायला थांबला होता, आणि त्याला तेवढंच हवं होतं. पण त्यांची जीभ उचलेना. त्यांनी दुसरी सुपारी घेतली.

श्रीपती थोडा वेळ वाट बघत बसले. मग खांबाचा आधार घेत उठले आणि आत गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.